शुद्धिपत्र मागणारे मन

एकेकाळी पैठण हे निवाडा देणारे गाव होते. धर्मशास्त्रातली गाठ सुटेना की लोक इथल्या पंडितांकडे येत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडे आळंदीहून आली तीही त्याचसाठी. संन्याशाची पोरे म्हणून ती वाळीत पडलेली. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तरी डाग जाईना, तेव्हा पैठणकरांचे शुद्धिपत्र आणा असे त्यांना सांगण्यात आले. परंपरा सांगते की ते शके १२०९ मध्ये, म्हणजे इसवी सन १२८७ मध्ये मिळाले. नागघाटावर रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची कथा याच भेटीतली. कागद मिळाला आणि भावंडे नेवाशाच्या वाटेला लागली.

ज्या आजारासाठी ही पुस्तिका लिहिली आहे त्यात माणूस तसेच शुद्धिपत्र दिवसभर मागत राहतो. आईकडे मागतो, नळाखाली धरलेल्या स्वतःच्या हातांकडे मागतो, दाराच्या कुलपाकडे मागतो, देवाकडे मागतो. शुद्धिपत्र मिळतेही, पण दहा मिनिटांत त्यावरची शाई उडालेली असते. डॉक्टर याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात, सगळे जण ओसीडी म्हणतात, आणि जुन्या पिढीच्या तोंडी मंत्रचळ हा शब्द होता. पुढच्या पानांवर उपचारांची माहिती सविस्तर येईल. ती वाचण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी लागते, कारण ती पटली नाही तर बाकीचे सगळे उलटे वाटते. या आजारात मागितलेली खात्री देणे हा उपचार होत नाही. खात्री न मिळता राहता येणे, हे शिकावे लागते.

आजाराची घडण साधी आहे. एक नकोसा विचार येतो, त्यातून धास्ती उठते, धास्ती घालवण्यासाठी माणूस काहीतरी करतो, आणि क्षणभर हायसे वाटते. हे क्षणभराचे हायसे वाटणेच घातक. मेंदू शिकतो की हात धुतले म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी धास्ती जास्त जोरात येते. विचार स्वतः मात्र कुणाच्याही मनात येतात. १९७८ साली स्टॅनली रॅचमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी साध्या, धडधाकट माणसांना विचारले, तेव्हा बहुसंख्यांनी असले विचित्र विचार आपल्याही मनात येतात असे कबूल केले. गच्चीच्या कठड्याशी उभे असताना ‘उडी मारली तर?’, लेकराला मांडीवर घेतल्यावर ‘हातातून टाकले तर?’ बाकीचे लोक हा विचार झटकून भाजी चिरायला लागतात. ओसीडी असलेला माणूस तिथेच थांबतो आणि स्वतःवर खटला भरतो.

म्हणून हा आजार म्हणजे नुसते हात धुणे नव्हे. धुणारा निदान दिसतो तरी. न दिसणारे कितीतरी असतात. मूर्तीपुढे हात जोडले की ज्याच्या मनात देवाला शिवी येते आणि जो घाबरून मंदिरात जाणेच सोडतो, तो माणूस. बाळंतपणानंतर ‘मी या बाळाला काही करीन का?’ या भीतीने घरातली विळी लपवून ठेवणारी आई. मोटारसायकलवरून जाताना खड्ड्यात चाक आदळले की कुणी अंगाखाली आले का, ते बघायला पुन्हा पुन्हा मागे फिरणारा. मनातल्या मनात आकडे मोजणारा. यातली कुठलीच माणसे त्या विचाराप्रमाणे वागायला निघालेली नसतात. उलट त्या विचाराची त्यांना जितकी किळस, तितकी आपल्यालाही नसेल. ‘मला जरा ओसीडी आहे’ असे कपाट नीट लावणाऱ्यांनी हसत म्हणावे याचा मला वैताग येतो तो यामुळे. पैठणीचा विणकर काठावरच्या मोराचा धागा न् धागा तपासतो, पण साडी पुरी होते आणि मागावरून उतरते. मंत्रचळात साडी उतरतच नाही.

आकड्यांत बोलायचे तर राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा प्रौढांमध्ये साधारण ०.८ टक्के लोकांना हा आजार आढळला. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, तरी हेच प्रमाण धरले तर चाळीस हजारांच्या पैठण शहरात दोनेकशे प्रौढ माणसे असावीत. त्यांतली किती डॉक्टरपर्यंत पोचतात हा वेगळा प्रश्न, आणि त्याचे एक कारण आपल्या घरांतच आहे.

सोवळे-ओवळे, सुतक, विटाळ, देवाची वेगळी भांडी हे सगळे ज्या घरात सहज चालते तिथे आजार बराच काळ भक्तीच्या नाहीतर टापटिपीच्या नावाखाली खपून जातो. कोलकात्यात चक्रवर्ती आणि बॅनर्जी यांनी १९७५ मध्ये बंगाली घरांतल्या ‘शुचिबाई’वर, म्हणजे सतत धुणाऱ्या-पुसणाऱ्या बायांवर लिहिले होते. त्याच वर्षी चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या विचारांचे वर्गीकरण छापले, त्यातही घाणीचा विचार सर्वांत पुढे होता. धर्मामुळे आजार होतो असे यातून निघत नाही. आजार घरात हाताशी जे सापडेल तेच उचलतो. सोवळे असेल तर सोवळे, करोनाच्या काळात सॅनिटायझर. सोवळे आणि आजार यांतला फरक ओळखायची एक युक्ती आहे: घरातल्या सर्वांत कडक आजीला विचारा. ती स्वतः ओलेत्याने स्वयंपाक करीत असली तरी सांगेल की हे सोवळे नव्हे, या पोरीला काहीतरी झालेय. सोवळ्याला नियम असतो आणि शेवट असतो. एकदा पाणी घेतले की माणूस शुद्ध. आजाराचा नियम रोज सरकत जातो.

पैठणमध्ये हा विषय संत एकनाथांपर्यंत, म्हणजे नाथांपर्यंत येऊन पोचल्याशिवाय राहत नाही. स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते तितक्याच वेळा गोदावरीवर जाऊन आले, ही गोष्ट इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्रासलेल्या मुलाला घरचे हीच गोष्ट ऐकवतात, आणि तो त्यातून नेमके स्नान उचलतो. गोष्ट आहे न चिडण्याची. त्याच नाथांनी गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे पोर कडेवर घेतले आणि श्राद्धाचा स्वयंपाक दाराशी आलेल्या भुकेल्यांना वाढला, असे चरित्रकार सांगतात. शिवल्याने काही होत नाही हे त्यांनी अंगाने करून दाखवले. उपचाराच्या खोलीत जे करून घेतात ते याच्या फार जवळचे आहे.

आता त्या उपचाराकडे. एक्स्पोझर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन असे त्याचे लांबलचक नाव, थोडक्यात ईआरपी. मराठीत सांगायचे तर भीतीला सामोरे जायचे आणि नंतरचा विधी करायचा नाही. सुरुवात १९६६ सालची, लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातली. तोवर या रुग्णांची वर्षानुवर्षे बालपणे उकरली जात आणि गुण फारसा येत नसे. व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर वेगळे करून पाहिले. धुण्याचा आजार असलेल्या बाईच्या खोलीतला नळ बंद केला, परिचारिका सोबत ठेवल्या, ती टाळत होती त्या वस्तू हाताळायला लावल्या आणि नंतर धुवू दिले नाही. धास्ती वाढली, काही काळ तशीच राहिली आणि मग आपली आपण ओसरू लागली. दुसऱ्या बाईचा आजार देवाविषयीच्या अभद्र विचारांचा होता, तिलाही तसाच उपयोग झाला.

मराठवाड्यातला वाचक इथे हसेल. नळ बंद असणे हा इलाज असता तर आमच्या जिल्ह्यात हा आजार उरलाच नसता. १९७६ पासून जायकवाडीचे धरण पैठणच्या उशाशी आहे, तरी संभाजीनगरच्या नळाला पाणी किती दिवसांनी येते हे त्या शहराला विचारावे. पण पाणी नसले की असा माणूस बरा होत नाही. तो शिवायचेच टाळतो, घराबाहेर पडत नाही, टँकरच्या पाण्यातले दोन हंडे स्वतःसाठी लपवून ठेवतो आणि त्यावरून घरात भांडणे होतात. मेयरच्या खोलीत बंद नळाहून महत्त्वाचे काही घडत होते. रुग्ण राजी होता आणि भीतीच्या वस्तूला आपणहून हात लावत होता. सासऱ्याने चिडून मोरीला कुलूप घालणे म्हणजे ईआरपी नव्हे. तो छळ आहे आणि त्याने आजार बळावतो.

प्रत्यक्षात थेरपिस्ट आणि रुग्ण मिळून एक उतरंड मांडतात. शून्य ते शंभर अशी धास्ती मोजायची. बसस्टँडवरच्या बाकाला एक बोट लावून दहा मिनिटे न धुता बसणे, हे समजा तीस. एसटीत दांडा धरून प्रवास करून घरी आल्यावर तसेच पलंगावर बसणे साठ. नाथषष्ठीच्या गर्दीत उभे राहून अष्टमीच्या काल्याचा प्रसाद कुणाच्या तरी हातून घेणे आणि तिथेच खाणे, हे पंच्याण्णव. खालून सुरुवात करायची. एका पायरीवर मन स्थिरावले की वरची. साधारण बारा ते वीस बैठका लागतात, पण खरे काम दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत, घरी, रोज करायच्या सरावात होते. पंच्याण्णवची पायरी चढणारे लोक मी पाहिले आहेत. ते त्या क्षणी शूर वगैरे दिसत नाहीत, घामाघूम दिसतात.

मनातल्या विचारांचा आजार असेल तर सामोरे कशाला जायचे? विचारालाच. तो लिहून काढायचा, मोठ्याने वाचायचा, मोबाइलवर स्वतःच्या आवाजात घेऊन पुन्हा पुन्हा ऐकायचा, आणि त्यावर उतारा म्हणून मनात काही करायचे नाही. इथे आपल्याकडे एक अडचण येते ती नामस्मरणाची. वाईट विचार आला की लगेच एकशे आठ वेळा नाव घे, असा सल्ला घरचे, शेजारचे, कधी कीर्तनकारही देतात. नाम श्रद्धेने घेणाऱ्याबद्दल काहीच म्हणायचे नाही. पण विचार पुसून टाकण्यासाठी, आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, अशा रीतीने घेतलेले नाम हे हात धुण्याचेच दुसरे रूप आहे. समजूतदार थेरपिस्ट नाम सोडायला सांगत नाही. ते सकाळी ठरलेल्या वेळी, आनंदाने घ्या म्हणतो. घाबरून घेऊ नका, इतकेच.

औषधाची कथा मेयरच्या प्रयोगाच्याच सुमाराची. गायगी कंपनीचे क्लोमिप्रामिन हे औदासीन्यावरचे औषध. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्पेनमधले मानसोपचारतज्ज्ञ लोपेझ इबोर यांच्या लक्षात आले की ते या आजारात चालते. अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळायला १९८९ साल उजाडले. त्यानंतर फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन ही सेरोटोनिनवर काम करणारी औषधे आली. त्यांचा त्रास कमी, म्हणून आज सुरुवात यांच्यापासून होते. क्लोमिप्रामिन मागे ठेवतात, कारण तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतो आणि हृदयाचा आलेख पाहावा लागतो.

गोळ्यांबाबत घराघरांत तीन घोटाळे होतात. पहिला घाईचा. या आजारात गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि मात्रा बहुधा औदासीन्यापेक्षा जास्त लागते. पंधरा दिवसांनी ‘काही फरक नाही’ म्हणून डबी कपाटात गेली की सगळे वाया. पहिल्या आठवड्यांत मळमळ, अस्वस्थता, झोपेचा खेळखंडोबा होतो. तरुण मुलांच्या बाबतीत या दिवसांत जास्त लक्ष ठेवावे लागते आणि जगणे नको वाटते असे काही बोलले तर ताबडतोब डॉक्टरांना कळवावे. लैंगिक इच्छेवर परिणाम होतो, हे लाजेपोटी कुणी सांगत नाही आणि गुपचूप गोळी बंद होते. दुसरा घोटाळा सवयीचा. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या, धास्तीवर झटपट उतारा म्हणून घेतलेल्या गोळ्यांची, आणि गंमत अशी की लोक तीच न विचारता औषधाच्या दुकानातून मागतात. तिसरा, बरे वाटले की थांबण्याचा. सुधारणा झाल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षे औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम सोडले की आजार परतण्याचा धोका असतो.

थेरपी की गोळी, हा प्रश्न प्रत्येक कुटुंब विचारते. एड्ना फोआ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १२२ प्रौढांवरची तुलना छापली. ईआरपीने ६२ टक्के लोकांना गुण आला, क्लोमिप्रामिनने ४२, दोन्ही मिळून ७०, आणि नुसत्या साखरगोळीने ८ टक्के. म्हणजे चांगला थेरपिस्ट मिळत असेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही. आजार तीव्र असेल, सोबत औदासीन्य असेल किंवा थेरपिस्टच मिळत नसेल तर औषध आधी. त्याहून बोलका पुरावा लुइस बॅक्स्टर यांच्या १९९२ च्या अभ्यासात आहे. औषधाने बरे झालेले आणि वर्तनोपचाराने बरे झालेले, दोघांच्याही मेंदूच्या चित्रांत कॉडेट नावाच्या एकाच भागाची धगधग कमी झालेली दिसली. ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत, मन घट्ट कर’ म्हणणाऱ्या काकांना ती चित्रे दाखवावीत.

इतके करूनही गुण न येणारे लोक असतात. त्यांना दुसरे औषध, मग जोडीला रिस्पेरिडोन किंवा अॅरिपिप्राझोल थोड्या मात्रेत, त्यापुढे डोक्याबाहेरून चुंबकीय झटके देण्याचा उपचार, आणि अगदी निवडक रुग्णांत मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये या आजारासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. फार थोड्यांवर तिथवर जायची वेळ येते.

घरच्या माणसांबद्दल मात्र सावकाश लिहायला हवे, कारण पुस्तिका खरी त्यांच्यासाठी आहे. असा संवाद या आजाराच्या कुठल्याही घरात ऐकू येईल:

‘आई, मी दाराला हात नव्हता ना लावला?’

‘नाही रे बाबा.’

‘नक्की? तू बघत होतीस?’

‘बघत होते.’

‘पण मधेच तू दूध बघायला आत गेली होतीस.’

आई खोटे बोलत नाही, चिडत नाही, जीव तोडून उत्तर देते. आणि प्रत्येक उत्तरागणिक आजाराला खतपाणी मिळते. हळूहळू सगळे घर त्याच्या तालावर चालू लागते. वडील बाहेरून आले की अंगणातच कपडे बदलतात, धाकटी बहीण त्याच्या खुर्चीला हात लावत नाही, साबणाची पुडकी घाऊक येतात, पाहुणे येणे बंद होते. ही माया आहे, यात शंका नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात घराचे हे वाकणे मोजायला स्वतंत्र मापनपट्टी तयार झाली, आणि घर जितके वाकते तितका आजार सहसा जड असतो, असे पुढे अनेक अभ्यासांत दिसत गेले. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी तर अशी पद्धत बसवली आहे की मूल बैठकीला यायला तयार नसले तरी चालते; फक्त आईबापांनी स्वतःचे वागणे बदलायचे.

एका रात्रीत सगळे बंद करायचे नसते. आधी मुलाशी, तो शांत असताना, बोलून ठरवायचे की कोणत्या एका प्रश्नाला यापुढे उत्तर मिळणार नाही. मग तो प्रश्न आला की आवाज न चढवता म्हणायचे, ‘तुला किती धास्ती वाटतेय ते दिसतंय मला. याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. चल, दळण आणायला जाऊ.’ पहिले काही दिवस तो आदळआपट करील, रडेल, आजीकडे जाऊन तेच विचारील. म्हणून आजीलाही आधी सांगून ठेवायचे. सगळ्या घराचे एक उत्तर नसेल तर प्रश्न फट शोधतोच. अंगारा, गंडा, उतारा यांवर पैसे घालवून दमल्यावर बहुतेक घरे या टप्प्यावर येतात. देवऋषीही शेवटी शुद्धिपत्रच देत असतो, त्यामुळे पंधरा दिवस बरे वाटते हेही खरे.

पैठणहून मदत कुठे मिळेल? महाराष्ट्रातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. एकही मराठवाड्यात नाही. पण या आजारासाठी मनोरुग्णालयात भरती व्हावे लागते असे कुणी समजू नये. बहुतेकांचा उपचार बाह्यरुग्ण विभागातच होतो. पन्नासेक किलोमीटरवर संभाजीनगरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, आहे आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. निघायच्या आधी कुणाशी तरी बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर मराठीतही बोलता येते. ईआरपी शिकलेले मानसशास्त्रज्ञ कमी आहेत हे मान्य करावे लागते. विचारताना ‘समुपदेशन करता का’ असे न विचारता ‘ओसीडीसाठी ईआरपी करून घेता का, घरचा सराव देता का’ असे थेट विचारावे. नुसता धीर देणारे समुपदेशन म्हणजे आणखी एक आई. व्हिडिओ कॉलवरच्या बैठका या आजारात चांगल्या चालतात, कारण मोरी, उंबरठा, गॅसचे बटण ही भीतीची ठिकाणे रुग्णाच्याच घरात असतात.

केसपेपर काढायच्या आधी घरी बसून थोडे लिहून न्यावे: दिवसातले किती तास यात जातात, कशाची टाळाटाळ होते, घरचे काय काय करून देतात, घराण्यात कुणाला असे होते का. ज्या विचाराची सर्वांत जास्त लाज वाटते तोही सांगावा. डॉक्टरांनी तो याआधी कितीतरी जणांकडून ऐकलेला असतो, आणि तो लपवला तर उदासीचे औषध लिहून मिळते व मूळ आजार तसाच राहतो. गोळी सुरू झाली की बहुधा दोन ते चार आठवड्यांनी परत बोलावतात. त्या तारखेला बरे वाटत असले तरी जावे, कारण मात्रा वाढवायची की नाही हे त्याच भेटीत ठरते.